खारवेलाच्या कलिंगात : स्मरण आणि विस्मरण

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा विश्वस्त मंडळाचा प्रेमाचा आग्रह झाला. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण बी. कॉम. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. तथापि उभयतांनी केलेल्या ओडिशा राज्याच्या यात्रेत जे पाहिले, त्याने मनात काही प्रश्न निर्माण केले. ते समाजबांधवांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी सम्मेदशिखरजीची वंदना केली आहे. परंतु तेथून पुढे खंडगिरी-उदयगिरीपर्यंत जाणारे थोडे. वास्तविक दिगंबर परंपरेत कलिंग देशातून पाचशे मुनी मोक्षास गेल्याचे मानले जाते आणि खंडगिरीची गणना सिद्धक्षेत्रांत होते. सोलापूरवरून जाणाऱ्या कोणार्क एक्सप्रेसने भुवनेश्वरला उतरले, की या दोन टेकड्या शहरालगतच आहेत.

प्रथम आम्ही धौलीला गेलो. इ. स. पूर्व 261 च्या सुमारास सम्राट अशोकाने कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, असे त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच नमूद केले आहे. विशेष असे, की हा पश्चात्तापाचा लेख खुद्द कलिंगात धौली व जौगड येथे कोरलेला नाही. त्याच्या जागी तेथे दोन स्वतंत्र लेख आहेत आणि त्यांत सर्व माणसे माझी अपत्ये आहेत, असे राजा सांगतो. ज्यांची घरे जळाली त्यांना आकडे सांगण्याची गरज नव्हती, असे मला तेथे उभे असताना वाटले. लेखाच्या वर खडकातून बाहेर येणारा हत्ती कोरलेला आहे. तो मात्र शांतपणे सर्व पाहत असल्यासारखा दिसतो.

त्याच कलिंगात पुढे एक-दोन शतकांनी महामेघवाहन कुळातील खारवेल राजा झाला. त्याचा काळ इ. स. पूर्व दुसरे की पहिले शतक, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. उदयगिरीवरील हाथीगुंफेच्या कपाळावर त्याचा सतरा ओळींचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. लेखाचा आरंभ अरिहंत आणि सिद्ध यांना नमस्कार करून होतो. आपण रोज पहाटे जे म्हणतो त्याचा आरंभ दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर पाहताना सौभाग्यवतीच्या डोळ्यांत पाणी आले. मीही काही वेळ बोलू शकलो नाही.

हा लेख म्हणजे एका राज्याचा वर्षवार अहवालच आहे. वाणिज्य शाखेच्या माणसाला तो फार जवळचा वाटावा असा आहे. राजपुत्र असताना खारवेलाने लेखन, नाणी, गणित, व्यवहार आणि कायदा यांचे शिक्षण घेतले, असे त्यात नोंदलेले आहे. चोविसाव्या वर्षी राज्याभिषेक झाला. पहिल्या वर्षी वादळाने पडलेली नगराची वेस, तट व इमारती दुरुस्त केल्या. पाचव्या वर्षी नंदराजाने पूर्वी खोदलेला कालवा राजधानीपर्यंत आणला. सहाव्या वर्षी नागरिकांना करमाफी दिली. नवव्या वर्षी अडतीस लाख खर्चून ‘महाविजय’ प्रासाद बांधला. दहाव्या वर्षाच्या नोंदीत ‘भारतवर्ष’ हे नाव येते. कोरीव लेखांतील या नावाचा हा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. आणि बाराव्या वर्षी मगधावर स्वारी करून, नंदराजाने पूर्वी नेलेली ‘कलिंगजिन’ प्रतिमा त्याने परत आणली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्टर्लिंग साहेबांनी या लेखाकडे जगाचे लक्ष वेधले. 1837 साली प्रिन्सेप यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. परंतु राजाचे नाव खारवेल असल्याचे प्रथम दाखवून दिले ते मुंबईत राहून संशोधन करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, आणि त्यांचे वाचन 1885 मध्ये छापले गेले. पुढे जयस्वाल, राखालदास बॅनर्जी आणि बेणीमाधव बरुआ यांनी एकेका अक्षरासाठी वर्षे खर्ची घातली. कारण पावसाने आणि गांधीलमाश्यांच्या घरट्यांनी लेखाचा बराच भाग झिजला आहे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. कित्येक वर्षे महावीर जयंतीच्या सभांतून मी मोठ्या अभिमानाने सांगत आलो, की कलिंगजिन म्हणजे भगवान ऋषभदेव आणि तीच प्रतिमा आज पुरीच्या मंदिरात आहे. उदयगिरीवर भेटलेल्या एका निवृत्त ओडिया शिक्षकांना मी हेच ऐकवले. ते नम्रपणे म्हणाले, “शेठजी, लेखात हे कोठे आहे, ते आपण मला दाखवावे.” मला दाखविता आले नाही. ती प्रतिमा कोणत्या तीर्थंकरांची होती, हे लेख सांगत नाही. पुढे तिचे काय झाले, याचाही पुरावा नाही. जगन्नाथ उपासनेत जैन अंश असल्याचे मत काही विद्वानांनी मांडले आहे. पण मत आणि पुरावा यांत उधारी आणि रोख यांच्याइतकेच अंतर आहे. पुरीची स्वतःची परंपरा तर सांगते, की नीलमाधवाची पूजा प्रथम विश्वावसू नावाचा शबर, म्हणजे वनवासी माणूस, करीत होता. आजही रथयात्रेच्या काळात देवाची विशेष सेवा करणारे दइतापती आपला वंश त्याच्याशी जोडतात.

आणखी एक गोष्ट आपण सांगण्याचे टाळतो. खारवेल जैन होता, पण तो युद्धे करणारा राजा होता. अकराव्या वर्षी त्याने पिथुंड नगर गाढवांच्या नांगराने नांगरले, असे त्याचाच लेख सांगतो. मात्र त्याच लेखाच्या शेवटी तो स्वतःला सर्व पंथांचा आदर करणारा आणि सर्व देवालयांची दुरुस्ती करणारा म्हणवतो. दोन्ही वाक्ये एकाच दगडावर आहेत. एक वाचून दुसरे सोडून देणे प्रामाणिकपणाचे नाही.

उदयगिरीवर अठरा व समोरच्या खंडगिरीवर पंधरा गुंफा आहेत. दुमजली राणीगुंफा, वाघाच्या जबड्यासारखी बाघगुंफा, तसेच खारवेलाच्या पट्टराणीने श्रमणांसाठी कोरविलेली गुंफा आवर्जून पाहावी. खंडगिरीच्या बारभुजी गुंफेत चोवीस तीर्थंकर व त्यांच्या शासनदेवता भिंतीवर कोरलेल्या आहेत. अकराव्या शतकात सोमवंशी राजा उद्योतकेसरी याच्या पाचव्या राज्यवर्षी येथील विहीर व पडकी मंदिरे दुरुस्त झाली आणि चोवीस तीर्थंकरांच्या प्रतिमा बसविल्या गेल्या, असा लेख आहे. याच राजाच्या मातोश्री कोलावती यांनी भुवनेश्वरचे ब्रह्मेश्वर शिवमंदिर बांधविले. एकाच राजघराण्याने शिवालय उभारावे आणि त्याच काळात जिनालयाचीही डागडुजी व्हावी, हा त्या भूमीचा संस्कार होता.

मग तेथील श्रावक कोठे गेले? कटकच्या चौधरी बाजारात जुने जैन मंदिर आहे, खंडगिरीच्या माथ्यावरही मंदिर आहे. पण ते अलीकडच्या शतकांतील व्यापारी कुटुंबांच्या श्रद्धेचे फळ होय. दक्षिणेकडे कोरापुट जिल्ह्यात, सुबाईसारख्या ठिकाणी, प्राचीन तीर्थंकर मूर्ती व मंदिरांचे अवशेष आहेत. त्या भागात अशा काही मूर्ती ग्रामदेवता म्हणून पूजल्या जातात. आमच्या गटातील काहींना याचा खेद झाला. मला मात्र वाटले, आपले लोक निघून गेल्यावरही कोणीतरी त्या मूर्तीपुढे दिवा लावला, म्हणून ती राहिली.

ओडिशात साठाहून अधिक अनुसूचित जमाती आहेत आणि 2011 च्या जनगणनेनुसार त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या 22.8 टक्के आहे. व्यवसायामुळे माझी नजर साहजिकच त्यांच्या वस्त्रांकडे गेली. कोरापुटमधील कोटपाड येथील मिरगान विणकर आलाच्या मुळीपासून, म्हणजे आपल्याकडील बारतोंडीच्या जातीच्या झाडापासून, सुताला तांबडा व तपकिरी रंग देतात. या कापडाला 2005 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. नियमगिरी डोंगरातील डोंगरिया कंध मुली पांढुरक्या सुती शालीवर लाल, पिवळ्या, हिरव्या धाग्यांनी डोंगराच्या त्रिकोणी आकृत्या भरतात आणि ती शाल भावाला किंवा प्रियजनाला देतात. आयुष्यभर मी गजाने कापड मोजले, पण या शालीचा भाव मला सांगता येईना. त्याच नियमगिरीत बॉक्साइटची खाण करावी की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावे असा निर्णय 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि बाराही ग्रामसभांनी एकमुखाने नकार दिला. डोंगर हा त्यांचा नियमराजा. आपण शिखरजीच्या पर्वताविषयी ज्या भावनेने बोलतो, तीच ही भावना नव्हे काय?

अहिंसेचा खरा पाठ मात्र आम्हाला चिलिका सरोवराच्या काठी मिळाला. चिलिका हे आशियातील सर्वांत मोठे खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर. 1981 मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. हिवाळ्यात दूरदेशीचे लाखो पक्षी येथे उतरतात आणि पाण्यात इरावती डॉल्फिन दिसतात. काठावरील मंगलाजोडी गावचे अनेक जण पूर्वी या पक्ष्यांची शिकार करून विकत असत. इ. स. 2000 च्या सुमारास त्यांनी शस्त्रे ठेवली आणि पक्षीरक्षणासाठी समिती स्थापन केली. तिच्या नावात ‘महावीर’ हा शब्द ऐकून आम्ही हरखलो. पण ओडिशात महावीर म्हणजे बहुधा हनुमान. या वेळी मी घाईने दावा केला नाही! नाव कोणाचेही असो, आचरण भगवान महावीरांना मान्य होणारे होते. जो नावाडी आम्हाला पाणथळीत हळुवार फिरवून प्रत्येक पक्ष्याचे नाव सांगत होता, त्यानेच एके काळी ते पक्षी मारले होते. जन्माने शाकाहारी असलेल्या आम्हाला हा त्याग कधी करावाच लागला नाही.

उत्तरेकडे गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने अंडी घालण्यास येतात. 1997 मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. कासवांच्या हंगामात तेथे मासेमारीवर निर्बंध असतात. त्याची झळ गरीब कोळ्यांच्या चुलीला बसते, हेही विसरता कामा नये. जीवदयेची किंमत कोणीतरी मोजत असतो.

परतीच्या प्रवासात मनाला एकच गोष्ट टोचत राहिली. काही वर्षांपूर्वी आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धारात जुन्या पायरीची फरशी काढून तेथे चकचकीत ग्रॅनाइट बसविण्यात आला. त्या फरशीवर जुन्या देणगीदारांची अक्षरे होती. त्या समितीत मी होतो आणि ठरावावर माझी सही आहे. ती फरशी आज कोठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. हाथीगुंफेची अक्षरे झिजायला दोन हजार वर्षे लागली, आमची एका दुपारी गेली.

असे ठेवे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पुणे जिल्ह्यातील पाले येथील लेण्यात अरिहंतांच्या वंदनेने सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे. डॉ. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो जैन लेख म्हणून अभ्यासकांपुढे मांडला. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे?

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. आपल्या मंदिरांतील प्रत्येक मूर्तीच्या पीठावरील लेख, जुनी इतिवृत्ते, हस्तलिखिते व खतावण्या यांची छायाचित्रांसह नोंद करावी. त्यासाठी होणाऱ्या खर्चाचा पहिला वाटा मी उचलीन. ती हरवलेली फरशी कोणाच्या परसात किंवा गोठ्यात धुण्याचा दगड होऊन पडली असल्यास अवश्य कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

सर्वांना सविनय जयजिनेंद्र.