खरे बंड कोणते? : जुन्नर-आंबेगावच्या इतिहासातून एक विचार

पाश्चात्त्य देशांतील तरुणांच्या एका पंथात गेली जवळजवळ पन्नास वर्षे एक वाद चालू आहे. त्या पंथाचे नाव ‘पंक’. हा शब्द मुळात शिवीवजा; टाकाऊ, वाया गेलेला पोरगा अशा अर्थाचा. ज्यांना समाजाने टाकाऊ ठरवले त्यांनी तीच शिवी बिरुद म्हणून मिरवली. वाद असा की, खरा पंक कोण? फाटके कपडे घालतो तो, कोणाचीच पत्रास न ठेवण्याची ज्याची वृत्ती आहे तो, की अन्यायाविरुद्ध राजकीय भूमिका घेतो तो? वेष, वृत्ती आणि राजकारण यांपैकी बंडाचे खरे लक्षण कोणते, असा हा प्रश्न आहे.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना या वादाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या बाजारांत गुडघ्यावर फाडलेली पँट आज सहज मिळते. ती घालून मुलगा मिस्साला आला की घरात आणि चर्चच्या अंगणात कुरबुर सुरू होते. त्या कुरबुरीत दोन्ही पक्ष कपड्यांपाशीच अडकून पडतात. कपड्यांच्या पलीकडचा जो प्रश्न, त्याचा निवाडा आपल्या याच डोंगरदऱ्यांत आणि पुणे शहरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काही माणसांनी आपापल्या परीने केला होता. त्यांची आठवण करणे हाच या लेखाचा हेतू.

आधी लंडनची हकीकत थोडक्यात पाहू. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये महागाई आणि बेकारी वाढली. शिकून काय उपयोग, असे कामगारवस्त्यांतील तरुणांना वाटू लागले. लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅकलॅरन यांचे कपड्यांचे दुकान होते. तेथून फाटलेले, सेफ्टी पिनांनी जोडलेले कपडे आणि गळ्यातले पट्टे यांची लाट उठली. पुढे तिला कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या उभ्या, रंगवलेल्या केसांची जोड मिळाली. १९७७ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव साजरा होत असताना ‘सेक्स पिस्टल्स’ या वाद्यवृंदाने राजेशाहीची टर उडवणारे गाणे काढले आणि बीबीसीने ते वाजवण्यास नकार दिला. मात्र त्याच वर्षी झँड्रा ऱ्होड्स या प्रसिद्ध वेषरचनाकार बाईंनी हीच फाटकी, पिना लावलेली तऱ्हा उंची पोशाखांवर उतरवली. बंडाची बाजारपेठ व्हायला वर्षसुद्धा लागले नाही.

वेष एक असला तरी भूमिका एक नव्हती. काहींनी केवळ लोकांना डिवचण्यासाठी नाझींचे स्वस्तिक दंडावर बांधले. उलट काहींनी वर्णद्वेषाविरुद्ध १९७६ साली सुरू झालेल्या चळवळीत गाणी गायली. ३० एप्रिल १९७८ रोजी त्या चळवळीचा हजारोंचा मोर्चा लंडनच्या रस्त्यांवरून गेला. पुढे २००६ साली राजघराण्याने वेस्टवूडबाईंना ‘डेम’ ही पदवी दिली. २०१६ साली त्यांच्या मुलाने आपल्याजवळचा पंक वस्तूंचा संग्रह थेम्स नदीत एका होडीवर जाहीरपणे जाळला. पन्नास लाख पौंडांचा तो ऐवज असल्याचे सांगण्यात आले. बंड आता संग्रहालयात जाऊन बसले, ही त्याची तक्रार होती.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत जांभोरी हे गाव आहे. तेथील होन्या भागोजी केंगले या महादेव कोळी पुरुषाने १८७३ साली सावकारांविरुद्ध हत्यार उचलले. डोंगरातील कोळ्यांच्या जमिनी आणि पिके कर्जापायी सावकारांकडे चालली होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली कागदावर काय लिहिले आहे, हे सावकारालाच ठाऊक. होन्याच्या टोळीने सावकारांना लुटले, अनेकांची नाके कापली. सरकारने सशस्त्र पोलीस डोंगरात धाडले आणि होन्याला पकडून देणाऱ्यास हजार रुपयांचे इनाम लावले. १८७६ साली मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडले. मधल्या काळात, मे १८७५ मध्ये, भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

होन्याचे बंड खोटे होते असे कोण म्हणेल? त्यात मिरवण्याचा लवलेश नव्हता. त्याने आपले स्वातंत्र्य पणाला लावले आणि ते गमावले. तरीही ख्रिस्ती माणसाला कापलेल्या नाकांपाशी थांबावेच लागते. गेथशेमनी बागेत पेत्राने तलवारीने महायाजकाच्या दासाचा कान तोडला, तेव्हा प्रभूने पेत्राला आवरले आणि त्या दासाचा कान बरा केला. अन्यायाविरुद्धचा संताप खरा असूनही त्याचा मार्ग माणसाला विद्रूप करणारा असू शकतो. संतापाचा खरेपणा ही बंडाची एक कसोटी झाली, पण ती एकटी पुरेशी नाही.

होन्याने हत्यार उचलले त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे या समाजाचे मुख्य सूत्र. त्यातून पुरोहिताशिवाय, थोडक्या खर्चात, वधूवरांनी परस्परांना वचन देऊन लावलेल्या विवाहाची पद्धत निघाली. असा पहिला विवाह १८७३ च्या डिसेंबरात झाला आणि त्यात सावित्रीबाई फुले यांचा पुढाकार होता. हा विचार जुन्नर तालुक्यात चांगलाच रुजला. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ज्या ओतूर गावात दाखवतात, त्याच ओतुरात १८८४ साली बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्नकार्य ग्रामजोशाला न बोलावता पार पाडले.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र गावच्या जोशाचा दक्षिणेवरील हक्क हे वतन मानले जाई. यजमानाने बोलावले नाही तरी दक्षिणा द्यावीच लागे. ओतूरच्या जोशांनी जुन्नरच्या न्यायालयात दावा लावला आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. फुले या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले. न घेतलेल्या सेवेचे मोल द्यावे की नाही, हा प्रश्न एका घरापुरता नव्हता. तो पुढे कितीतरी वर्षे धुमसत राहिला आणि १९२६ साली सीताराम केशव बोले यांचे ‘जोशी विधेयक’ मुंबई विधिमंडळात मंजूर झाले तेव्हा त्याचा कायद्याने निकाल लागला. याच जुन्नर भागात कुळांनी सावकारांच्या जमिनी कसण्याचे नाकारून त्या पडीक ठेवल्याची हकीकतही फुल्यांच्या चरित्रांत येते.

ओतूरच्या या बंडाकडे नीट पाहावे. त्यात वेगळा वेष नाही. लग्नाला आलेली माणसे नेहमीच्याच पागोट्या-धोतरांत, बाया नेहमीच्याच लुगड्यांत आल्या असणार. कोणाचे नाक कापले नाही, कोणाला शिवी दिली नाही. एक बोलावणे तेवढे गेले नाही. परंतु त्या न गेलेल्या बोलावण्यापायी कोर्टकचेरीचा खर्च आणि वर्षानुवर्षांची दगदग या कुटुंबाने सोसली, आणि त्याचे फळ आपले नावही न जाणणाऱ्या हजारो कुटुंबांच्या पदरात टाकले. वृत्ती आणि राजकारण दोन्ही येथे होते. वेषाची गरजच पडली नाही.

मग वेषाला काहीच अर्थ नाही काय? याचे उत्तरही फुल्यांच्याच चरित्रात आहे. मार्च १८८८ मध्ये त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ केला. सरदार, दरकदार, श्रीमंत मंडळी शालजोड्या आणि दागदागिने लेवून आली होती. फुले आले ते गरीब कुणब्याच्या वेषात. अंगावर जीर्ण वस्त्रे, खांद्यावर घोंगडी. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले आणि यजमानाने पुढे होऊन आत आणले, असे चरित्रकार सांगतात. तेथे त्यांनी राजपुत्राला सांगितले की, या रत्नजडित मंडळींवरून राणीच्या प्रजेची परीक्षा करू नये. खरी प्रजा खेड्यात आहे, तिला अन्नवस्त्राची भ्रांत आहे आणि तिच्या शिक्षणाची सोय व्हावी, हे राणीला कळवावे.

येथे कोणी शंका काढील. फुले काही फाटक्या घोंगडीचे कुणबी नव्हते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले होते आणि सरकारी बांधकामांची मोठमोठी कंत्राटे त्यांनी घेतली होती. मग ही घोंगडी सोंग नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पाच वर्षे आधी, १८८३ साली, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी कुणब्याची दैना जगापुढे मांडली होती. विहिरीचा हौद अस्पृश्यांना मोकळा करून, मुलींना शिकवून त्यांनी घरादाराचा आणि समाजाचा रोष ओढवून घेतला होता. त्या रात्रीची घोंगडी ‘माझ्याकडे पाहा’ असे म्हणत नव्हती. जो त्या मेजवानीला येऊच शकत नव्हता, त्याच्याकडे ती बोट दाखवत होती. वेष जेव्हा अनुपस्थित माणसाची साक्ष देतो आणि त्यामागे आयुष्य उभे असते, तेव्हा तो खरा ठरतो. किंग्ज रोडच्या दुकानातील कपड्यांना लंडनच्या बेकार पोरांच्या अंगावर काही अर्थ होता. उंची पोशाखावर चढताच तो नाहीसा झाला, त्याचे कारणही हेच.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाने हा धडा फार महाग किमतीत शिकला आहे. १२०६ च्या सुमारास असिसी येथे बिशपांसमोर तरुण फ्रान्सिसने अंगावरची वस्त्रे उतरवून श्रीमंत बापाच्या हवाली केली. त्या वस्त्रत्यागामागे कुष्ठरोग्यांची सेवा होती. परंतु शंभर वर्षांत त्याच्या अनुयायांत, झगा किती आखूड आणि किती जाड्याभरड्या कापडाचा असला म्हणजे दारिद्र्य खरे, यावरून भांडण पेटले. १३१७ साली परमगुरू बावीसावे जॉन यांना त्या झग्यांविषयी आज्ञापत्र काढावे लागले. पुढच्या वर्षी मार्सेय शहरात चार संन्याशांना हट्टापायी पाखंडी ठरवून जाळण्यात आले. प्रीतीची खूण म्हणून उतरवलेल्या वस्त्रांची अशी परिणती झाली. दोन्ही पक्षांना कापड दिसत होते. कुष्ठरोगी नजरेआड झाला होता.

उलट उदाहरणही आहे. १६ नोव्हेंबर १९६५ रोजी, द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषद संपत आली असताना, सुमारे चाळीस बिशप रोमच्या दोमितिल्ला भुयारी दफनभूमीत जमले. भपकेबाज वस्त्रे, सोन्याचांदीची चिन्हे आणि मोठेपणाच्या पदव्या सोडून गरिबांसारखे राहण्याची शपथ त्यांनी घेतली. वेष, वृत्ती आणि गरिबांच्या बाजूचे राजकारण या तिन्ही गोष्टी त्या शपथेत एकत्र आल्या.

या सर्व हकीकतींतून मला एकच कसोटी हाती लागते. बंड कोणासाठी केले आणि त्याची किंमत कोणी मोजली? बंडखोराने स्वतः किंमत मोजली असेल आणि लाभ दुसऱ्या दुबळ्याला झाला असेल, तर वेष कोणताही असो, ते बंड खरे. दुसऱ्याने किंमत मोजली आणि मिरवणूक आपली निघाली, तर ते खोटे. प्रभू येशूने परूश्यांच्या रुंद पट्ट्यांवर आणि लांब गोंड्यांवर टीका केली, ती याच कसोटीने. दुसऱ्यांच्या खांद्यावर ओझी द्यायची आणि स्वतः बोटही लावायचे नाही, हा त्यांचा खरा दोष होता.

धर्मगुरू या नात्याने ओतूरची हकीकत वाचताना मला सोईस्करपणे बाजूला राहता येत नाही. तो दावा पुरोहिताच्या दक्षिणेचा होता. आमची धर्मसेवा वतन नव्हे. १९८३ च्या धर्मसंहितेचे ८४८ वे कलम स्पष्ट सांगते की, ठरवून दिलेल्या दानाखेरीज संस्कारांसाठी काहीही मागू नये आणि गरिबीपायी कोणीही संस्कारांच्या साहाय्यापासून वंचित राहू नये. हे कलम आपल्या लोकांना ठाऊक असले पाहिजे, आणि गरज पडल्यास ते त्यांनी आम्हाला ऐकवलेही पाहिजे.

तोच प्रश्न आपल्या घरांनाही आहे. कुणब्याच्या लग्नाचा खर्च कमी व्हावा म्हणून सत्यशोधकांनी धडपड केली. आज आपल्या लग्नांत मांडव, बँड, जेवणावळी आणि छायाचित्रे यांचा खर्च पाहिला, तर कर्जाचा फास पुन्हा आपल्याच हातांनी गळ्यात पडतो आहे असे दिसते. चार लोक काय म्हणतील, ही भीती त्यामागे आहे. या भीतीला नकार देणारे एखादे तरुण जोडपे मिस्साबलीनंतर आप्तेष्टांना साधे जेवण घालून संसाराला लागेल, तर ते ओतूरच्या पाटलांचे वारस ठरेल. मग त्या मुलाची पँट फाटकी असली तरी माझी तक्रार नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगा विचित्र कपडे घालून घरातून निघाला तर त्याला अडवण्याआधी, तू कशाला नकार देतो आहेस, हे शांतपणे विचारावे. कदाचित त्याच्याकडे उत्तर असेल आणि ते आपण ऐकण्यासारखे असेल. उत्तर नसेल, तर त्याला एखाद्या रविवारी जांभोरीला आणि ओतूरला घेऊन जावे आणि तेथे काय घडले ते सांगावे.