नाटक-तमाशात मोबाइल काढताय? आधी एवढं वाचा

आपल्या भागातले बरेच जण पाहुण्यांकडे विश्रांतवाडी, धानोरी, दिघीला जातात आणि जोडून पुण्यात एखादं नाटक बघून येतात. मीही गेलो होतो. मावसभाऊ विश्रांतवाडीत राहतो, त्यानेच तिकिटं काढली होती. यात्रेत तमाशाचं शूटिंग करायची सवय, म्हणून पडदा उघडताच मी मोबाइल काढला. दोन मिनिटांत डोअरकीपर बॅटरी घेऊन रांगेत आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, भाऊ तर खाली मान घालून बसला. घरी आल्यावर नियमांची नीट माहिती काढली, तीच इथे देतोय.

नाटकात तिसऱ्या घंटेच्या आधी सूचना होते, मोबाइल बंद किंवा सायलेंट ठेवा, फोटो-चित्रीकरण करू नका. आपण ती एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखी ऐकून सोडून देतो. पण तिच्यामागे कारण आहे. दोन प्रवेशांच्या मध्ये स्टेजवर पूर्ण अंधार करतात आणि त्या अंधारात नट अंदाजाने जागेवर येतो, सामान हलवणारी माणसं पळत असतात. तेवढ्यात फ्लॅश डोळ्यावर आला तर ठेच लागायची वेळ. शिवाय मोबाइलचा फ्लॅश चार-पाच मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. दहाव्या रांगेतून मारलात तर पुढच्यांची टाळकी तेवढी उजळतात. फ्लॅश नसला तरी उजेडाची स्क्रीन मागच्याच्या डोळ्यात जाते आणि हात वर केला की त्याला स्टेज दिसत नाही. त्यानेही तिकिटाचे पैसे मोजलेत.

2019 मध्ये हा विषय बराच गाजला. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात सतत वाजणाऱ्या मोबाइलमुळे सुमीत राघवन यांनी 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग थांबवला. पुढे सुबोध भावे यांनीही हे असंच चाललं तर नाटकात काम करणं बंद करीन, असं जाहीरपणे लिहिलं. त्यावेळी नाट्यगृहात जॅमर बसवा, अशी मागणी झाली. पण जॅमर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. आणि जॅमरने रेंज जाते, कॅमेरा चालूच राहतो! हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. 2015 मध्ये लंडनला 'हॅम्लेट' करताना बेनेडिक्ट कंबरबॅच या नटाला प्रयोगानंतर बाहेर येऊन चाहत्यांना शूटिंग थांबवायची विनंती करावी लागली होती.

आता कायद्याचं. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्याच्या कलम 38 मध्ये कलाकाराचा हक्क आहे. त्याच्या परवानगीशिवाय प्रयोगाचं रेकॉर्डिंग करून लोकांपुढे टाकता येत नाही. हा हक्क 50 वर्षं राहतो. कलाकार म्हणजे फक्त नट नाही. गायक, वादक, नर्तक, जादूगार, डोंबारी, एवढंच काय भाषण-व्याख्यान देणाराही त्यात येतो. हक्क मोडल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःपुरतं रेकॉर्डिंग किंवा बातमीपुरता छोटा भाग, याला सूट आहे. पण नाट्यगृहाने मनाई केली असेल तर ती पाळावीच लागते, तिथे ही सूट दाखवून भांडू नये.

मला जास्त काळजी वाटते ती तमाशाची. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे सुपारी ठरवायला येतात. फडाचं वर्षभराचं पोट त्या हंगामावर असतं. गण-गवळणीपासून वगापर्यंत सगळं कोणीतरी मोबाइलवर घेऊन यूट्यूबला टाकलं, तर पुढच्या गावाला तोच वग शिळा वाटतो. पैसे चॅनेलवाल्याला, आणि ज्यांनी रात्रभर घाम गाळला त्यांना काहीच नाही.

त्याहून वाईट प्रकार स्टेजमागे होतो. तंबूच्या फटीतून, कनातीवरून कपडे बदलणाऱ्या बायांकडे मोबाइल धरणारे महाभाग आपल्याच गावात असतात. 2023 मध्ये एका नृत्यांगनेचा असा व्हिडिओ पसरवला गेला, तेव्हा पुण्यात गुन्हा नोंदला गेला होता. ही गंमत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते, आणि असा व्हिडिओ नुसता पुढे पाठवला तरी माणूस अडकू शकतो. यात्रा कमिटीने कपडे बदलायच्या जागेला चारही बाजूंनी पक्की कनात आणि दारावर गावातली एखादी जाणती बाई, एवढं तरी करावं.

मग फोटो काढायचाच नाही का? काढा की. सुरू व्हायच्या आधी नाट्यगृहाबाहेर बोर्डाजवळ काढा. प्रयोग संपून सगळे कलाकार नमस्काराला आले की बऱ्याच ठिकाणी हरकत घेत नाहीत, तरी व्यवस्थापकाला विचारलेलं बरं. कलाकाराबरोबर सेल्फी हवा असेल तर मेकअप उतरेपर्यंत थांबा, ताई-दादा म्हणून विचारा, नाही म्हणाले तर गप्प परत फिरा. फडात मालकाला विचारायचं. आमच्यासारख्या बातमीवाल्यांनीही आधी मालकाची परवानगी घ्यायची, फ्लॅश बंद करायचा आणि दोन-चार फोटो झाले की खाली बसायचं. कीर्तनालाही हेच लागू आहे, काही महाराज आता शूटिंग नको म्हणून आधीच सांगतात.

घरात कोणी आजारी असेल आणि फोन चालू ठेवणं भागच असेल तर व्हायब्रेटवर टाकून रांगेच्या कडेची खुर्ची मागून घ्या. फोन आला की उठून दाराबाहेर जायचं आणि तिथे बोलायचं. विश्रांतवाडीच्या भावाने पुढच्या वेळी माझं तिकीट कडेचंच काढलं होतं.