दीर्घिकागुच्छांची सूची : निकषाचा इतिहास

आकाशाच्या छायाचित्रात दोन दीर्घिका शेजारी दिसल्या, म्हणजे त्या अवकाशातही शेजारी आहेत असे नाही. एक दुसरीच्या कोट्यवधी प्रकाशवर्षे मागे असू शकते. काचपट्टीवर मात्र दोन्ही एकाच पातळीवर उमटतात. दीर्घिकागुच्छांच्या शोधाचा इतिहास बव्हंशी या भ्रमाशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेने १९४९ पासून ४८ इंची श्मिट दुर्बिणीने आकाशाचे सर्वेक्षण केले. त्याच्या काचपट्ट्या डॉक्टरेटचा विद्यार्थी असलेल्या जॉर्ज एबेल याने नजरेने तपासल्या आणि १९५८ मध्ये २,७१२ गुच्छांची सूची प्रसिद्ध केली. साधन डोळाच होता. परंतु त्या डोळ्यावर एबेलने लेखी नियमांचे बंधन घातले. त्यांपैकी प्रमुख नियम असा : गुच्छातील तिसऱ्या क्रमांकाच्या तेजस्वी दीर्घिकेहून दोन प्रतींपर्यंत मंद अशा किमान ५० दीर्घिका ठरावीक त्रिज्येत असाव्यात. तिसरीच का? पहिली वा दुसरी ही वाटेत आडवी आलेली परकी दीर्घिका असण्याचा धोका अधिक. संहितेत प्रक्षेप असणारच, हे गृहीत धरून पाठनिश्चिती करणाऱ्या संपादकाचीच ही सावधगिरी. सर्व निकषांना उतरलेले १,६८२ गुच्छ त्याने सांख्यिकीय अभ्यासासाठी वेगळे काढले, हेही महत्त्वाचे.

फ्रिट्झ झ्विकी व सहकाऱ्यांनी त्याच सर्वेक्षणाच्या आधारे १९६१ ते १९६८ या काळात सहा खंडांची सूची सिद्ध केली. जेथे दीर्घिकांची दाटी पार्श्वभूमीच्या दुप्पट, तेथे त्यांनी गुच्छाची सीमा मानली. आकाश तेच, गुच्छ मात्र निराळे.

पुढे क्ष-किरणांनी गुच्छातील तप्त वायूच थेट दाखवला. २००० मध्ये ग्लॅडर्स व यी यांनी रंगाचा आधार घेतला : गुच्छातील वृद्ध दीर्घिका एका विशिष्ट अंतरावर जवळजवळ एकाच लालसर छटेच्या दिसतात. त्यामुळे दोन गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमांवरून, संगणकाच्या साह्याने, पुढची-मागची गर्दी बरीचशी वेगळी करता येऊ लागली.

बरीचशी, पूर्णपणे नव्हे. गुच्छांच्या संख्येवरून विश्वातील द्रव्याचे प्रमाण काढले जाते, म्हणून हा उणेपणा क्षुल्लक नाही. चिलीतून झालेल्या ‘डार्क एनर्जी सर्व्हे’च्या गुच्छगणनेतून २०२० मध्ये हे प्रमाण अन्य मापनांहून बरेच कमी आले. अभ्यासकांनी विश्वाचे प्रतिमान बदलले नाही. त्यांनी संशय घेतला तो विरळ गुच्छांच्या वस्तुमान-निश्चितीवर, आणि पुन्हा एकदा प्रक्षेपावर.