छपराचा इतिहास आणि उन्हाचा हक्क

मंडळी, आज सोलरवर बोलायचं म्हटल्यावर तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं इथे काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी पॅनेलविषयी कमी बोलणार आहे, ते ज्याच्यावर बसतं त्या छपराविषयी जास्त. पॅनेल नवं असतं. छप्पर जुनं असतं, आणि ते भलत्याच काळजीतून बांधलेलं असतं.

मी कळमन्यात राहतो. धान्याचा बाजार इतवारीतून इकडे येण्याआधी हे शहराच्या कडेचं गाव होतं. छप्परं कवेलूंची. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे आणि माकडांनी एका दुपारीत फोडायचे. ज्यांची ऐपत होती त्यांनी इंग्रजी कवेलू घातले; बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, त्या जातीचे. या छपराला चिंता एकच, पाण्याची. म्हणून उतार. उताराची दिशा मात्र सूर्य ठरवत नव्हता. रस्ता आणि दार ठरवायचं. दार पूर्वेला, म्हणून आढं दक्षिणोत्तर, आणि पाखी पूर्व-पश्चिमेला. आता पॅनेलला हवं दक्षिणेकडे तोंड. नागपूर २१ अक्षांशावर आहे; डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिण आकाशात जेमतेम ४५ अंशांवर असतो. पूर्व-पश्चिम पाख्यावर थोडं नुकसान सोसून भागतं. उत्तरेच्या पाख्यावर हिवाळ्यात हाल. म्हणजे बघा, आजोबांनी दार कुठे ठेवलं, यावर नातवाचं वीजबिल ठरतं!

मग स्लॅब आला. सपाट, हवी ती दिशा देणारा. पण स्लॅब कधी पूर्ण होत नाही आमच्याकडे. कॉलमच्या सळया आकाशाकडे काढून ठेवलेल्या असतात, पोराचं लग्न झालं की वरचा मजला! शिवाय पाण्याची टाकी, जिन्याची खोली. यांची सावली दिसायला वीतभर, पण पॅनेलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो.

आणि ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हेही अर्धंच खरं. पॅनेलची ताकद २५ अंश तापमानाला मोजतात. मे महिन्यात आमच्या गच्चीवर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरा, म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले. टिनाला चिकटवून बसवलं तर खालून वारा नाही, आणखी तापतं. स्लॅबवर उंच सांगाड्यावर ठेवलं तर वारा खेळतो, खालची खोलीही जरा थंड राहते.

आता माझीच गोष्ट सांगतो. मी पॅनेल बसवले, दोन हिवाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला. त्यांच्या सळया तर मी आल्यापासून पाहत होतो! डिसेंबरात अकरा वाजेपर्यंत माझे खालच्या ओळीचे पॅनेल सावलीत. भांडायला गेलो नाही. कायदा वाचायला बसलो. १८८२ चा सुविधाधिकार कायदा. गंमत अशी की तो सुरुवातीला मद्रास, कुर्ग आणि मध्य प्रांत एवढ्यांनाच लागू होता. नागपूर मध्य प्रांताची राजधानी. म्हणजे मुंबईच्या आधी तो आमच्याकडे आला. त्याचं पंधरावं कलम म्हणतं की इमारतीला येणारा उजेड वीस वर्षं अखंड, बिनतक्रार उपभोगला तर तो हक्क होतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खोलीतला उजेड होता, खिडकी होती. छपरावरचं ऊन हे मिळकतीचं साधन होईल, हे त्यांना कुठून सुचणार? आणि वीस वर्षं! पॅनेलची हमीच पंचवीस वर्षांची असते. माझी तर भरली होती तीन.

शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. गुंठेवारीतले प्लॉट भिंतीला भिंत लावून असतात. जमीन सरली की माणूस वरच जाणार. ते स्वतःच एकदा गच्चीवर आले, सावली पाहिली, म्हणाले, "सर, हे आमच्या ध्यानातच नाही आलं."

पण मला खरं बोचतं ते वेगळंच. २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. चांगली योजना. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर मोकळं छप्पर लागतं. ज्याच्याकडे स्लॅब आहे त्याचं बिल शून्यावर येतं. बाजारात पोती उचलणाऱ्याच्या घरावर टिन असतं, पत्र्यावर विटा आणि दगड ठेवलेले, कारण उन्हाळी वादळात पत्रा उडतो. तिथे पॅनेलच्या वजनापेक्षा वाऱ्याचीच भीती जास्त. सांगाडा आवळायला खाली काही घट्ट हवं ना? आणि भाडेकरूला तर छप्परच नाही. मेच्या अखेरीस सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवशी टिनाखालचा माणूस सगळ्यात जास्त भाजतो, आणि पंख्याचं पूर्ण बिल तोच भरतो.

शेजाऱ्यांनी आता त्यांच्या नव्या स्लॅबवर पॅनेल बसवायचं ठरवलंय. दिशा विचारायला परवा माझ्याकडेच आले होते. मी कागदावर काढून दिली, आणि त्यांच्या दक्षिणेच्या प्लॉटवर कुणाच्या सळया उभ्या आहेत का, तेही पाहून घ्या म्हटलं.