रुग्णवाहिकेतील औषधाधिकार आणि पॅरामेडिकचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अत्यवस्थ रुग्णास रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच औषध मिळावे, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. परंतु ते औषध कोणी द्यावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनुत्तरित होता. मराठीत ‘निमवैद्यकीय कर्मचारी’ ही संज्ञा प्रयोगशाळा तंत्रज्ञांसह अनेकांना लागू होते. म्हणून प्रस्तुत निबंधात रुग्णवाहिकेवर प्रगत उपचार करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यासाठी ‘पॅरामेडिक’ हाच शब्द योजला आहे. त्याच्या औषधविषयक प्रशिक्षणाचा उगम शोधणे, हे या निबंधाचे उद्दिष्ट होय.

डॉक्टर रुग्णाच्या दारी

१९६६ मध्ये बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातील फ्रँक पँट्रिज व जॉन गेडिस यांनी फिरते हृदयरोग-उपचार पथक सुरू केले. हृदयविकाराच्या झटक्यातील बहुसंख्य मृत्यू पहिल्या काही तासांतच होतात, हा त्यामागील विचार होता. १९६७ मध्ये ‘द लॅन्सेट’मधील लेखामुळे हा प्रयोग जगासमोर आला. मात्र पथकावर डॉक्टर असणे येथे गृहीत होते. प्रत्येक रुग्णवाहिकेवर डॉक्टर नेमणे कोणत्याही देशास सहजसाध्य नव्हते आणि या मर्यादेतूनच पुढील प्रयोग घडले.

दूरस्थ आदेशाचा टप्पा

अमेरिकेत त्या काळी अनेक शहरांत रुग्णांची ने-आण अंत्यविधी व्यावसायिकांच्या गाड्यांतून किंवा पोलिसांच्या वाहनांतून होत असे. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या दुरवस्थेवर बोट ठेवले. मायामीत यूजीन नेगल यांनी अग्निशामक जवानांकडून रुग्णाचा हृदयालेख रेडिओद्वारे रुग्णालयात पाठविण्याचा प्रयोग केला. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात वेडवर्थ-टाउनसेंड कायदा संमत झाला. त्यामुळे प्रशिक्षित पॅरामेडिकला दूरस्थ वैद्यकीय आदेशानुसार औषध देणे कायदेशीर ठरले. डॉक्टरांच्या उपस्थितीची जागा अशा रीतीने त्यांच्या आवाजाने घेतली. तथापि आदेश अचूक असला तरी कुपी ओळखणारी नजर आणि सुई टोचणारा हात पॅरामेडिकचाच होता. त्यामुळे केवळ आज्ञापालन पुरेसे नव्हते. औषधाचे ज्ञानही आवश्यक होते.

फ्रीडम हाउसचा धडा

हे ज्ञान कोणास देता येईल, याचे उत्तर पिट्सबर्गमध्ये मिळाले. तेथील हिल डिस्ट्रिक्ट या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ मध्ये ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवेची उभारणी झाली. भूलतज्ज्ञ पीटर साफार यांनी तिचा प्रशिक्षणक्रम आखला. सुमारे ३०० तासांच्या या शिक्षणासाठी आलेल्या अनेक तरुणांना समाजाने रोजगारास अपात्र ठरविले होते. औपचारिक शिक्षण अपुरे असलेला तरुणही शरीररचना, शरीरक्रिया व तातडीचे उपचार आत्मसात करू शकतो, हे त्यांनी कृतीतून सिद्ध केले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी वैद्यकीय संचालक म्हणून हे शिक्षण अधिक सखोल केले. येथील अनुभव पॅरामेडिकच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या जडणघडणीस उपयोगी पडला. कॅरोलिन यांचे ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हे पाठ्यपुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि १९७५ मध्ये शहर प्रशासनाने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. नव्या सेवेत तेथील अनुभवी कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना दुय्यम स्थान मिळाले, तर अनेकांना सेवा सोडावी लागली. ज्यांच्या कामातून मानदंड घडला, तेच त्या मानदंडाबाहेर ढकलले गेले, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक बाब होय.

ज्ञानाकडून सुरक्षिततेकडे

औषधाचे नाव व उपयोग पाठ असणे म्हणजे सुरक्षित औषधोपचार नव्हे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ हे पंचसूत्र परिचारिका-शिक्षणातून पॅरामेडिकच्या प्रशिक्षणातही रूढ झाले. ॲड्रिनलिनचे उदाहरण बोलके आहे. १:१००० द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम, तर १:१०,००० द्रावणात केवळ ०.१ मिलिग्रॅम औषध असते. एका शून्याच्या गफलतीने मात्रा दहापट होते आणि धावत्या गाडीत, अपुऱ्या उजेडात ती सहज घडू शकते. म्हणून २०१६ पासून अमेरिकेत अशा औषधांच्या वेष्टनावर गुणोत्तराऐवजी मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर हे प्रमाण देणे बंधनकारक झाले. माणसाच्या दक्षतेस व्यवस्थेची जोड हवी, हे तत्त्व यातून मान्य झाले.

निष्कर्ष

डॉक्टरांची उपस्थिती, त्यांचा दूरस्थ आदेश आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्याचा स्वतःचा विवेक, असा या अधिकाराचा प्रवास दिसतो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेने रुग्णवाहिकेवर डॉक्टर नेमण्याचा मार्ग पत्करला. म्हणजेच बेलफास्टच्या मूळ कल्पनेशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. दुसरीकडे, २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांच्या व्यवसायास वैधानिक मान्यता दिली. त्यांच्यासाठी अभ्यासक्रम आखताना महाविद्यालयांनी औषधशास्त्र हा केवळ पाठांतराचा विषय ठेवू नये. मात्रेचे गणित, परस्पर-पडताळणी आणि चूक निर्भयपणे नोंदविण्याची सवय यांना त्यात समान स्थान असावे. तसेच प्रवेशाच्या अटी ठरविताना फ्रीडम हाउसचे स्मरण ठेवावे. पात्रता ही केवळ प्रमाणपत्रात नसते, ती शिक्षणातून घडविता येते.