आधी मान पाहा

जुन्या पेट्रोल पंपाच्या माथ्यावर दुधी काचेचा गोळा बसवलेला असे. आत बल्ब, बाहेर कंपनीचे चिन्ह. अंधारात गाडी हाकणाऱ्याला पेट्रोल कुठे मिळेल, हे लांबूनच कळे. संग्राहक त्याला नुसते ‘ग्लोब’ म्हणतात. पुढे पंपांवर छपरे आणि प्रकाशित फलक आले, तसे गोळे उतरले. या छंदात नव्याने येणाऱ्याचे मनापासून स्वागत आहे. काच फुटते, त्यामुळे उरलेला प्रत्येक अस्सल नग ओळखणारी माणसे वाढायला हवीत.

नवा माणूस आधी चित्र पाहतो. शेलचा शिंपला, मोबिलचा पंखवाला लाल घोडा, कॅल्टेक्सचा तारा. डोळा तिथेच अडकतो, आणि नकलाकाराला हेच हवे असते. चित्र नव्याने काढता येते. म्हणून आधी मान पाहा, म्हणजे गोळा पंपावर जिथे बसतो ती खालची कड. अनेक वर्षे धातूच्या कड्यात बसलेल्या काचेवर झीज असमान असते, बारीक टवके उडालेले असतात आणि त्यांत काळपट मळ मुरलेला असतो. सँडपेपरने आणलेली झीज सगळीकडे सारखी आणि पांढरट दिसते. मानेवर अक्षरे असली तर आणखी उत्तम. ब्रिटिश गोळे बहुधा एकसंध दुधी काचेचे. त्यांवर ‘हेलवेअर’सारखे कारखान्याचे नाव सापडते. शेल-मेक्स अँड बीपीच्या गोळ्यांवर तर हा माल कंपनीचा असून मागताच परत करावा, अशी ताकीदच असते. ही कंपनी १९३२ साली झाली, तेव्हा तिचे नाव असलेला गोळा त्याआधीचा असूच शकत नाही, विकणारा काहीही सांगो.

अमेरिकी घडण वेगळी. तिथे सुरुवातीच्या एकसंध गोळ्यांनंतर धातूच्या किंवा काचेच्या चौकटीत दोन बाजूंना दोन गोल काचा बसवण्याची रीत आली. पुढे चौकट प्लास्टिकचीही झाली. अशा नगात चौकट जुनी आणि काचा नव्या, किंवा याच्या उलट, असे नेहमी घडते. दोन्ही भाग स्वतंत्रपणे तपासावेत.

भारतातल्या तेल-वस्तूंचा काळ ठरवायला कंपन्यांची नावे फार उपयोगी पडतात, मग ती वस्तू ग्लोब असो, इनॅमलची पाटी असो की डबा. ‘बर्मा-शेल’ हे नाव १९२८ पासूनचे. १९७६ च्या जानेवारीत सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी ती ‘भारत पेट्रोलियम’ झाली. एस्सोचा इथला व्यवसाय १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमकडे गेला, कॅल्टेक्स १९७८ मध्ये त्याच कंपनीत विलीन झाली. पंपावरच्या दरपट्टीत आणे असतील तर ती १९५७ च्या दशमान नाण्यांआधीची समजायला हरकत नाही. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भाव विचारण्यापूर्वी ही सनावळी पाठ असावी.

गोळा घरी आणल्यावर तो घासूनपुसून चकचकीत करू नये, ही माझी कळकळीची विनंती. काही गोळ्यांवरचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, काहींवर नुसता चढवलेला. दुसऱ्या प्रकारचा रंग साबणानेही निघतो, आणि एकदा गेला की गेला.

पिपरी मेघेत बसून हे लिहिताना शेजारच्या वर्ध्यातली मगनवाडी आठवल्यावाचून राहत नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने तिथे काम उभे केले आणि संघाचे काम पाहणाऱ्या कुमारप्पांच्या काळात ‘मगनदीप’ घडवला. हा कंदील रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळे. शहरांत पेट्रोल विकणाऱ्या बर्मा-शेलसारख्या कंपन्याच खेड्यांत रॉकेल पोचवत. तेव्हा मगनदीप हा त्या साऱ्या व्यापाराला वर्ध्याने दिलेला जबाब होता. विदर्भातल्या संग्राहकाने त्याचाही अभ्यास करावा, असे मला ठामपणे वाटते. कंपन्यांच्या खुणा गोळा करताना त्यांना नकार देणारी वस्तू बाहेर ठेवली, तर तेलाचा इतिहास एकाच बाजूने सांगितला जाईल.

शेवटी एक आग्रह. ग्लोब विकत घेताना तो कोणत्या गावच्या, कोणत्या रस्त्यावरच्या पंपावर होता, हे विक्रेत्याला विचारा आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. घडण आणि सन पुढे कुणीही काचेवरून शोधून काढील; गावाचे नाव मात्र काचेवर नसते.

पिपरी मेघे, जि. वर्धा