तळटीप: ‘काठी मोडली’ या वाक्याविषयी

लेखकाने येथे ‘मोडणे’ सकर्मक धरले आहे. ते अकर्मकही आहे. ‘फुटणे–फोडणे’, ‘सुटणे–सोडणे’ या जोड्यांत रूप बदलते. ‘मोडणे’, ‘उघडणे’ मात्र दोन्हीकडे तसेच राहतात. बेथ लेव्हिन यांनी १९९३ मध्ये ३,००० हून अधिक इंग्रजी क्रियापदांचे वर्गीकरण अशा अदलाबदलींच्या आधारे केले. मजकुराच्या मोठ्या साठ्यातून या अदलाबदली संगणकाने ओळखाव्यात, यासाठी डायना मॅकार्थी यांनी २००० मध्ये मांडलेली रीत साधी आहे: क्रियापदाची कर्मे आणि त्याच क्रियापदाचे अकर्मक वापरातले कर्ते ताडून पाहायचे. काठी, फांदी, खुर्ची दोन्हीकडे सापडल्या, की क्रियापद बहुधा दुहेरी.

मराठीत ही रीत भूतकाळात अडते. ‘काठी मोडली’, ‘त्याने काठी मोडली’: दोन्हीकडे क्रियापद काठीच्याच लिंगवचनाने चालते, आणि बोलताना ‘त्याने’ आपण सर्रास गाळतो. मग संगणकाने काय समजावे? सीमाभागात चिटगुप्पा-हुमनाबादकडे मराठीला ज्या कन्नडचा रोजचा शेजार आहे, तिच्यात ही अडचण येत नाही. काठी आपोआप मोडली तर ‘मुरियितु’, त्याने मोडली तर ‘मुरिदनु’. कर्ता गाळला तरी क्रियापदाच्या शेवटावरून कळतो. मराठीपुरते ‘तो काठी मोडतो’, ‘काठी मोडेल’ अशी वर्तमान-भविष्यकाळातली वाक्ये आधी मोजावीत, हे मला अधिक भरवशाचे वाटते. सीमाभागातील बोलीचे नमुने उतरवून घेणाऱ्यांना विनंती, की गाळलेला कर्ता संदर्भावरून कळत असेल तेथे तो कंसात जरूर नोंदवावा. — संपा.